बार्नवरचा तांब्याचा घोडा : एका जुन्या वेदरवेनची ओळख, किंमत आणि मधे झालेले घोळ

पार्श्वभूमी

बोस्टनपासून गाडीने तासाभरावर एक छोटं गाव आहे, तिथे माझ्या एका मित्राने दोनेक वर्षांपूर्वी जुनं फार्महाउस घेतलं. गावाचं नाव देत नाहीये, माणसांचीही नाही, किरकोळ तपशील थोडे फिरवलेत. मित्र पुण्याचा, बायको पण पुण्याचीच, दोघं आयटीत. घर १८७०च्या आसपासचं, मागे मोठा बार्न (गुरं-गवत ठेवायची शेतावरची इमारत), बार्नच्या छपरावर मधोमध कुपोला (गवत वाळावं, हवा खेळती राहावी म्हणून छपरावर काढलेली छोटी छत्री असते ना, ती), आणि कुपोलाच्या टोकावर हिरवा-काळा पडलेला धावता घोडा. वेदरवेन. आपल्याकडे शाळेत भूगोलाच्या पुस्तकात 'वातकुक्कुट' असायचा तीच ही वस्तू, फक्त इथे कुक्कुटाच्या जागी घोडा.

न्यू इंग्लंडमध्ये हे प्रकरण फार जुनं आहे. बोस्टनच्या फॅन्युइल हॉलवर अजून जो सोनेरी नाकतोडा फिरतो तो शेम ड्राउन नावाच्या कारागिराने १७४२ साली तांब्यात केलेला, डोळे काचेचे. पण ते एकेक हाताने केलेलं काम. बार्नवर जे दिसतात ते बहुतेक १८५०नंतरचे, कारखान्यातले. वॉल्थम गावात ए. एल. ज्युएलचा कारखाना होता, ज्युएल १८६७ला गेला आणि धंदा कुशिंग आणि व्हाइट या जोडीने घेतला, पुढे तो एल. डब्ल्यू. कुशिंग अँड सन्स झाला. बोस्टनला हॅरिस, न्यूयॉर्कला फिस्के. शेतकरी कॅटलॉग बघून मागवायचे. म्हणजे ही 'एकमेव' वस्तू नसते, एकाच साच्यातून कितीतरी निघालेल्या असतात, आणि ओळख पटवायचा सगळा खेळ तिथूनच सुरू होतो.

मी स्वतः कुणी सर्टिफाइड माणूस नाही हे आधीच सांगतो. ब्रिमफील्डचा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो मे, जुलै, सप्टेंबरमध्ये, तिकडे बरीच वर्षं जातोय, तेवढीच काय ती शिदोरी. त्यात एकदा साडेतीनशे डॉलरला 'अँटिक' तांब्याचा कोंबडा घेऊन आलो होतो, पहिल्याच पावसात त्याचा हिरवा रंग ओघळून डेकवर उतरला. तेव्हापासून मी जरा जास्तच संशयी झालोय, आणि तो संशय या प्रकरणात नडला, ते पुढे येईलच.

अडचण

बार्नचं छप्पर गळत होतं. छपरवाल्याने १८,५०० डॉलर सांगितले, आणि जाता जाता म्हणाला की वरचं ते जुनं भंगार तसंही उतरवावंच लागेल, आम्ही घेऊन जातो, बिलातून ५०० कमी करतो.

मित्राने रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो टाकले, खाली जमिनीवरून झूम करून काढलेले. "हे काही आहे का रे? की देऊन टाकू?"

मी झूम करून बघितलं तर घोड्याच्या पोटाखाली जी पट्टी होती तिच्यावर स्पष्ट फिलिप्स स्क्रू. अधिकच्या खाचेचा. फिलिप्स स्क्रू आले १९३०च्या दशकात, त्याआधीच्या वस्तूला तो असायचं कारणच नाही. मी लगेच लिहिलं, "रिप्रो (नवी नक्कल) वाटतंय, पाचशे चांगले आहेत, दे."

तीन फोटो, चाळीस फूट अंतर, रात्री साडेअकरा वाजता. हे माझं पहिलं चुकलं.

वहिनींनी ते वाचलं आणि त्यांचं म्हणणं एवढंच, की जो माणूस इतर प्रत्येक गोष्टीचे ज्यादा पैसे लावतोय तो एकाच गोष्टीचे आपणहून ५०० कमी कशाला करेल, त्याला काहीतरी माहितीये. तांब्याचा गंध नसलेल्या माणसाने निव्वळ व्यवहारावरून काढलेला निष्कर्ष, आणि माझ्यापेक्षा बरोबर. त्यांनी छपरवाल्याला सांगितलं, उतरवून आमच्या गॅरेजमध्ये ठेवा, त्याचे पैसे वेगळे घ्या. त्याने ३५० घेतले.

उतरवताना दुसरा घोळ झाला. घोडा ज्या लोखंडी दांड्यावर फिरतो तो गंजून अडकला होता, पोरांनी ग्राइंडरने कापला आणि खालचा भाग, जुना गोळा वगैरे डंपस्टरमध्ये, खालचा बाण आणि दिशांची अक्षरं तेवढी राहिली. दांड्याचं टोक आणि घोड्याच्या आतली नळी दोन्ही एकमेकांना किती झिजलेत हे बघून वस्तू खरंच किती वर्षं वाऱ्यात फिरलीये याचा अंदाज येतो. अर्धा पुरावा कचऱ्यात गेला.

चिंच

मित्राचे आईवडील तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेले. मी शनिवारी घोडा बघायला जाणार असं ठरलं होतं. शुक्रवारी दुपारी नवरा-बायको ऑफिसला, काका फिरायला, आणि काकूंना गॅरेजमध्ये गोधडीवर ठेवलेला हा काळाहिरवा घोडा दिसला. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईने चाळीस वर्षं दर सणाला समया, घंगाळ, तांब्या-पंचपात्र चिंचेने घासलंय तिला तांब्याची वस्तू कळकटलेली दिसल्यावर ती काय करेल? चिंच भिजत घातली, मीठ घेतलं, नारळाची शेंडी घेतली आणि मागच्या उजव्या पुठ्ठ्यापासून सुरुवात केली.

काका वेळेत आले म्हणून तळहाताहून जरा मोठ्या पट्ट्यावर थांबलं.

मी शनिवारी पोचलो तर काकू हसतमुखाने चहा घेऊन आल्या. "अस्सल तांबं आहे हो, मी बघितलं घासून. बाकीचं राहिलंय, यांनी करू दिलं नाही." गॅरेजच्या ट्यूबलाइटमध्ये तो पट्टा लालबुंद चमकत होता, मारुतीच्या देवळातल्या घंटेसारखा. मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, काकू, चहा मस्त झालाय.

काकूंची यात काहीच चूक नव्हती, गॅरेजला कुणी साधी चिठ्ठी लावली नव्हती. पण झालं काय ते समजून घ्या. बाहेरच्या हवेत तांब्यावर आधी तपकिरी-काळसर थर धरतो, मग त्यावर कित्येक वर्षांनी हिरवा, हवेतल्या गंधकामुळे तयार झालेला क्षार. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ला उभा राहिला तेव्हा तांबूस होता, पूर्ण हिरवा व्हायला दोन-तीन दशकं गेली. चिंचेतलं आम्ल आणि मीठ मिळून हे सगळं विरघळवतं. आपल्या घरात तो कळक म्हणजे विष, अन्न कळकतं, घासलंच पाहिजे. वेदरवेन घेणाऱ्या माणसासाठी मात्र तो थर म्हणजेच वस्तू, त्याचेच तो पैसे मोजत असतो. आणि या घोड्यावर एके काळी सोन्याचा वर्ख होता. वर्ख चिंचेने विरघळत नाही, पण त्याच्या खालचं सगळं सुटलं की तो पाण्याबरोबर जातो. त्या पट्ट्यात किती गेला ते आता कळायला मार्ग नाही.

ओळख कशी पटवली

आधी चुंबक लावलं. घोड्याला कुठेच चिकटलं नाही, पोटातल्या एका पट्टीच्या जागी फक्त हलकं ओढलं, म्हणजे आतला आधार लोखंडी. लोखंडावर तांब्याचा मुलामा दिलेल्या नकला यातच गळतात.

मग तो फिलिप्स स्क्रू. जवळून बघितल्यावर पाच मिनिटांत लक्षात आलं की स्क्रू घोड्याचा नाहीच, खालच्या पितळी पट्टीचा आहे, आणि ती पट्टी कुणीतरी मागाहून दुरुस्तीला लावलीये. पट्टी काढली तर खाली जुन्या कथलाच्या डागाची वेगळी खूण होती. म्हणजे ज्या एका गोष्टीवर मी ५०० डॉलरचा निकाल दिला होता ती घोड्याच्या वयाबद्दल काहीच सांगत नव्हती. मित्र काही बोलला नाही, पण वहिनींनी बघितलं माझ्याकडे.

हे घोडे कसे करायचे ते माहीत असलं तर पुढचं समजतं. आधी लाकडात घोडा कोरायचा, त्यावरून बिडाचा साचा, डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. त्या साच्यात तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून बसवायचा आणि मग दोन्ही अर्धुकं कथलाने जोडायची. म्हणून पाठीवरून आणि पोटावरून एक सांधा जातो. काही घोड्यांना मान-डोकं जस्ताचं ओतीव असतं कारण पत्र्यात नाकपुड्या, डोळे एवढे बारीक निघत नाहीत. या घोड्याचं डोकं तसंच होतं, रंग राखाडी, हाताला वेगळं थंड लागणारं, आणि मानेपाशी जोड.

काकांचं लहानपण कसब्यात गेलेलं, तांबट आळी शेजारीच, सकाळी उठलं की ठोक्यांचाच आवाज. त्यांनी घोडा मांडीवर घेतला, अंगठा सांध्यावरून फिरवला आणि म्हणाले, हे मठाराचं काम नाही, वरून ठोके दिसत नाहीत, पण मशिनचं पण नाही, पत्रा सगळीकडे सारखा जाड लागत नाहीये. बरोबर होतं. मठारात ठोके वर दिसावेत म्हणूनच मारतात, इथे साच्यात आतून ठोकायचं म्हणजे ठोके आत राहतात.

आत बघायला वाट पण होती. मानेखाली एक आणि पोटावर एक, दोन गोळ्यांची भोकं. बार्नवरच्या वेदरवेनवर नेम धरणं हा इथल्या पोरांचा जुना उद्योग, इतका की नकला करणारे मुद्दाम भोकं पाडतात. फरक असा की जुन्या भोकाच्या कडा आत वळलेल्या असतात आणि त्या वळलेल्या कडेवर पण बाकी अंगासारखाच थर चढलेला असतो. इथे होता. तीस डॉलरचा वायरवाला कॅमेरा मिळतो, ड्रेनेजमध्ये घालायचा, तो पोटातल्या भोकातून आत सोडला. फोनच्या स्क्रीनवर आधी अंधार, मग आतला गडद तपकिरी पत्रा, त्यावर छोटे छोटे ठोक्यांचे खळगे ओळीने, सांध्यावर कथलाचे ओघळ काळवंडलेले, आणि मागच्या पायाच्या कोपऱ्यात कुंभारमाशीची मातीची घरं, एकावर एक, चार की पाच थर. काका म्हणाले, "एवढी भाडेकरू राहून गेलीत म्हणजे घर जुनंच."

नव्या घोड्याला कुणी बाहेरून अमोनिया-मीठ लावून हिरवा करतो, पण आत कोण जातंय. माझ्या कोंबड्याला आत बघितलं असतं तर साडेतीनशे वाचले असते.

वर्खाचे अंश पण भिंगाखाली दिसले, कानामागे, आयाळीच्या खाचेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे पाऊस थेट लागत नाही तिथेच. वर्खाखाली पिवळसर अस्तर. हे असंच असायला हवं. सोनं जर सगळीकडे सारखं विरळ झालेलं दिसलं तर शंका घ्यायची, कारण ऊन-पाऊस सगळीकडे सारखा नसतो, वेदरवेनचं तोंड तर कायम वाऱ्याकडेच, त्यामुळे पुढचा भाग जास्त झिजतो.

आता घोडा कुणाचा? आयाळ आणि शेपूट मागे उडालेली, चारही पाय पसरून पळणारा. त्या काळी शर्यतीचे नामांकित घोडे बघून हे साचे करत. ब्लॅक हॉक हा एक लोकप्रिय, त्याचाच मुलगा एथन अ‍ॅलन, जन्म १८४९, मॉर्गन जातीचा, १८६७मध्ये न्यूयॉर्कला डेक्स्टर या दुसऱ्या नामांकित घोड्याला हरवून गाजलेला. आमचा घोडा एथन अ‍ॅलनच्या जुन्या कॅटलॉगमधल्या चित्राशी खूप जुळत होता, आणि लिलावांच्या जुन्या नोंदींमधल्या कुशिंगच्या घोड्यांशी पण. पण अंगावर शिक्का कुठेच नाही. कुशिंगच्या काही वेनवर छोटी पट्टी मिळते, ती असली तर दांड्यावर, आणि दांडा कुठे गेला ते सांगितलंच आहे. शिवाय एकमेकांच्या डिझाइनची उचलेगिरी सर्रास चालायची. त्यामुळे जास्तीत जास्त 'कुशिंगचा असावा' एवढंच म्हणता येतं. लिलाववाल्यांच्या भाषेत 'अ‍ॅट्रिब्युटेड टू', आणि या दोन शब्दांचे पैसे कमी येतात.

आणखी एक भानगड आहे. यातले काही जुने साचे नंतर हातोहाती फिरले आणि विसाव्या शतकातही त्यातून घोडे निघाले. म्हणजे आकार तंतोतंत जुळला तरी वय सिद्ध होत नाही. त्याला बाहेरचा पुरावा लागतो, आणि तो मिळवण्यात दोन महिने फुकट गेले.

फोटो, आणि भीती

घर विकणारी एक म्हातारी आजी होती, ती वृद्धांच्या निवासात गेलेली, व्यवहार मुलाने केला. मी पहिल्याच आठवड्यात मित्राला म्हटलं, त्या मुलाला मेल टाक, जुने फोटो असतील. मित्र घाबरला. त्याला वाटलं, विचारलं की ते म्हणणार आमच्या आजोबांचा घोडा, परत द्या. मी म्हटलं वकिलाला विचार. वकिलाचं एका ओळीचं उत्तर: इमारतीला पक्की बसवलेली वस्तू घराबरोबर येते, करारात वगळली असेल तरच नाही, तुमच्या करारात वगळलेली नाही. तरी याने दोन महिने लावले, मधल्या काळात राज्याची जुन्या वास्तूंची मॅक्रिस नावाची ऑनलाइन नोंद आहे ती चाळली, त्यात या घराचा १९७९चा फॉर्म सापडला, फोटोत बार्न आहे, वर घोडा पण आहे, मुंगीएवढा. चांगलं, पण १९७९ म्हणजे फार जुनं नाही.

शेवटी मेल टाकला. मुलाने दुसऱ्याच दिवशी घरच्या अल्बममधला फोटो स्कॅन करून पाठवला. बर्फात बार्न, समोर फोर्ड मॉडेल ए गाडी, गाडीला टेकून टोपीवाला माणूस, आणि वर आकाशावर घोडा, स्वच्छ. ही गाडी १९२७ ते १९३१ या काळातच निघाली, म्हणजे फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. नंतरचा असू शकतो, गाडी काय दहा वर्षं पण चालते, पण माणसाचे कपडे आणि गाडीची चकाकी बघता तीसच्या आसपासचा धरायला हरकत नव्हती. नंतर निघालेल्या नकलांचा प्रश्न तिथेच मिटला.

पण त्याच फोटोने एक गोष्ट बिघडवली पण. फोटोत घोड्याखाली बाण नव्हता आणि दिशांची अक्षरं वेगळ्या वळणाची, जाड होती. आत्ता आमच्याकडे होती ती अक्षरं बारीक. म्हणजे बाण आणि एन-ई-एस-डब्ल्यू मागाहून बदललेले, बहुतेक त्या फिलिप्स स्क्रूच्या दुरुस्तीच्या वेळीच. पुरावा मागायला गेलं की तो दोन्हीकडून बोलतो.

मुलगा घोडा परत मागत नव्हता, फक्त विकलात तर आधी सांगा म्हणाला.

पर्याय

मित्राच्या डोक्यात तोपर्यंत एक आकडा शिरलेला. २००६ साली सोदबीज या लिलावगृहात रेड इंडियन सरदाराची एक वेदरवेन ५८ लाख डॉलरच्या पुढे गेली होती, ते त्याने वाचलं. मी त्याला समजावलं की ती पाच फुटी मूर्ती, दुर्मिळ, सगळं मूळ, आणि तो बाजारच वेगळा. घोडे आणि कोंबडे सगळ्यात जास्त निघाले, म्हणून सगळ्यात स्वस्त. रेल्वे इंजिन, बंबाची गाडी, जलपरी असलं काही असेल तर हात थरथरू द्यावेत. घोड्यात फरक पडतो तो आकाराने, वर्ख-थर किती टिकलाय त्याने आणि कुणाचा हे पक्कं आहे का त्याने.

परत बार्नवर लावणं हा मित्राचा पहिला विचार होता आणि मनाने मला पण तोच आवडला असता. पण न्यू इंग्लंडमध्ये वेदरवेन चोरणं हा जुना धंदा आहे, हेलिकॉप्टरने उचलून नेल्याच्या घटना घडल्यात. व्हर्मॉन्टमध्ये व्हाइट रिव्हर जंक्शनच्या स्टेशनवरचं तांब्याचं इंजिन १९८३ला चोरीला गेलं ते चाळीसेक वर्षांनी परत मिळालं. एकदा गावात कळलं की याच्या बार्नवरचा घोडा 'तो' आहे, की झोप गेली. घरात भिंतीवर ठेवायचा तर विमा वेगळा. उरलं विकणं, डीलरला किंवा लिलावात.

त्याआधी किंमत लेखी हवी. मी एकच अट घातली, जो माणूस किंमत सांगेल त्याने वस्तू विकत घ्यायची भाषा करायची नाही आणि फी टक्केवारीत मागायची नाही. तशी एक बाई मिळाली, अहवालाचे ४०० डॉलर. तिने दोन आकडे दिले आणि मित्र चक्रावला. विम्यासाठी ७,५००, बाजारभाव ४,५००. त्याला वाटलं काहीतरी चुकलंय. चुकलं नव्हतं. विम्याचा आकडा म्हणजे उद्या चोरीला गेला तर दुकानातून तसाच दुसरा आणायला काय पडेल तो. बाजारभाव म्हणजे राजीखुशीचा घेणारा आणि राजीखुशीचा विकणारा, दोघांना वस्तूची नीट माहिती, घाई कुणालाच नाही, तेव्हा जो जमेल तो. सोनं घेताना आणि मोडताना भाव वेगळा असतो हे माहीत असलेल्या माणसाला हे समजवायला इतका वेळ का लागावा, मला कळत नाही.

चिंचेच्या पट्ट्याबद्दल तिचं मत, तो नसता तर बाजारभाव सहा हजाराच्या आसपास धरला असता. एका संवर्धकाला विचारलं की पट्टा परत काळा करता येईल का. तो म्हणाला, येईल, पण मग तो खोटा थर, उद्या कुणी भिंगाखाली बघितलं तर सगळ्याच घोड्यावर शंका घेतील. तसाच ठेवा आणि सांगून विका.

डीलरने ३,००० रोख सांगितले. लिलाववाल्यांनी अंदाज ४,००० ते ६,०००, राखीव किंमत (त्याखाली विकायचं नाही ती) ३,५००, कमिशन १५ टक्के. इथे जरा थांबून हिशोब करा, लोक करत नाहीत. राखीव किमतीला गेला तर हातात २,९७५, म्हणजे डीलरपेक्षा कमीच आणि वर पाच महिने थांबा. डीलरचा भाव अजिबात वाईट नव्हता. मी तटस्थ राहिलो, एकदा तोंड पोळलं होतं. वहिनी म्हणाल्या, आपल्याला पैशाची घाई नाही ना, मग लिलाव. काकांचा कौल डीलरला होता, हातातले सोडू नका म्हणून.

काय झालं

आधी त्या मुलाला ४,०००ला विचारलं. त्याने नको म्हटलं, घोड्याचा एक चांगला फोटो तेवढा मागितला. तो पाठवला, मोठा छापून.

लिलावाच्या यादीत घोडा 'अ‍ॅट्रिब्युटेड टू' कुशिंग म्हणून आला, सोबत बर्फातल्या फोटोची प्रत, आणि खाली स्थिती लिहिताना सरळ: मागच्या उजव्या भागावर स्थानिक स्वच्छता, दोन गोळ्यांची भोकं, पोटाखाली नंतरची दुरुस्ती. काकूंना तोपर्यंत परत जाऊन चार महिने झालेले, त्यांना व्हिडिओ कॉलवर 'स्थानिक स्वच्छता' वाचून दाखवली तर त्या इतक्या हसल्या की काकांनी फोन घेतला.

बोली २,०००ला सुरू झाली. ३,५००पर्यंत भराभर, मग थांबली, आम्ही चौघं लॅपटॉपसमोर, कुणी काही बोलेना. फोनवरच्या दोघांत पुढे जुंपली आणि ४,८००ला हातोडा पडला. घेणाऱ्याने वर २५ टक्के प्रीमियम धरून ६,००० दिले. मित्राला कमिशनचे ७२० आणि फोटो-विम्याचे ९० जाऊन ३,९९० मिळाले. उतरवायचे ३५० आणि अहवालाचे ४०० वजा केले तर ३,२४०. छपराच्या १८,५००पुढे हे काहीच नाही, पण ५००पुढे बरंच आहे. कराचं त्याच्या सीएने बघितलं, अशा संग्रहाच्या वस्तूंवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला फेडरल दर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे घराच्या खरेदी किमतीतला घोड्याचा वाटा किती धरायचा यावर त्या दोघांचं बरंच काथ्याकूट झालं.

परत करायचं झालं तर

उतरवण्याआधी जागेवर फोटो काढायचे, शिडी लावून, चारही बाजूंनी, आणि छपरवाल्याला लेखी सांगायचं की दांडा, गोळा, अक्षरं, गंजका खिळा सुद्धा टाकायचा नाही. दांडा हातात असता तर कदाचित 'अ‍ॅट्रिब्युटेड' हा शब्द गेला असता. कदाचित नसताही गेला. पण बघता तरी आलं असतं.

मी फोनवरच्या फोटोवरून मत द्यायला नको होतं, निदान "जवळून बघितल्याशिवाय सांगत नाही" एवढं लिहायला हवं होतं. आता तेच लिहितो, आणि लोक चिडतात.

घरच्यांना मेल पहिल्या आठवड्यात. दोन महिने ज्या गोष्टीला मित्र घाबरत होता तीच गोष्ट त्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. आणि घासायच्या बाबतीत, घरात कुणी मोठं माणूस आलेलं असेल तर वस्तू कुलपात ठेवा, नाहीतर त्यांना आधीच नीट समजावून सांगा, त्यांना कळतं. काकांना तर कुणी न सांगता कळलं होतं.

डीलर की लिलाव, यावर मी अजून ठाम नाही. ९९० डॉलर जास्त मिळाले खरे, पण फोनवर दुसरा माणूस नसता तर आकडा ३,५००लाच राहिला असता, आणि मग काकांचं बरोबर ठरलं असतं.

कुपोलावर आता ६०० डॉलरचा नवा कोंबडा आहे, अजून लालच. नंतरचा बाण आणि अक्षरं लिलाववाल्यांना नकोच होती, ती गॅरेजमध्ये पडून होती. त्यातला एस मित्राच्या पोरीने उचलला, तिचं नाव त्याच अक्षराने सुरू होतं, आणि खोलीच्या दारावर लावलाय, उलटा.